छोट्या शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

निघण्याआधी महिनाभर मी वादळांचे व्हिडिओ बघत बसले होते. घरच्यांनीही तेच बघितले आणि आईने तर बोलणंच टाकलं. प्रत्यक्षात समुद्रावरच्या तेवीस दिवसांत वादळ म्हणावं असं काही आलं नाही. हैराण केलं ते बोटीच्या डुलण्याने. रात्रंदिवस, डावीकडून उजवीकडे, दर चार-पाच सेकंदांनी. भात शिजवताना, दात घासताना, झोपेत, सगळीकडे. तयारी करायची ती या डुलण्याची आणि त्यात झोप कशी मिळवायची याची. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, म्हणून हा लेख.

माझा मार्ग असा होता: कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून केप व्हर्देमधलं मिंडेलो, सुमारे ८५० सागरी मैल, सात दिवस. तिथे चार दिवस थांबून मग बार्बाडोस, सुमारे २,००० सागरी मैल, सोळा दिवस. बोट १२ मीटरची, माणसं चार: साठी ओलांडलेला डच कॅप्टन, त्याची बायको, पोलंडचा एक पोरगा आणि मी.

१. आधी हा मार्ग आणि मोसम समजून घ्या

शाळेच्या भूगोलात व्यापारी वारे पाठ केले होते ना? तेच. ईशान्येकडून सतत वाहणारे हे वारे बोटीला मागून ढकलत कॅरिबियनपर्यंत नेतात. १४९२ मध्ये कोलंबसही कॅनरी बेटांवर थांबूनच पुढे गेला होता. खलाशांमध्ये एक जुनी म्हण आहे: लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळा. आमचं लोणी चौथ्या दिवशी वितळलं.

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत धरतात. त्यामुळे बहुतेक छोट्या बोटी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत निघतात. लास पाल्मासहून सेंट लुसियाला जाणारी एआरसी ही मोठी सामूहिक सफरही १९८६ पासून नोव्हेंबरातच निघते. तुम्ही तिच्यात नसलात तरी त्या सुमारास बंदरात बोटींची गर्दी असते आणि हात कमी पडणारे कॅप्टनही भेटतात.

२. घराजवळच शिकून घ्या

थेट महासागरात उतरून शिकण्यात शहाणपण नाही. मुंबई बंदरात ऑक्टोबर ते मे शिडाच्या बोटी चालतात, गोव्यातही शिकता येतं. निदान दोरीच्या पाच गाठी डोळे मिटून बांधता याव्यात, शीड कमी करणं म्हणजे रीफ घेणं जमावं आणि एक अख्खी रात्र समुद्रावर काढलेली असावी. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. दिवसा मजेत असलेला माणूस रात्री दोनला, भिजलेला आणि मळमळत असताना कसा वागतो, ते त्याचं त्यालाही माहीत नसतं.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं कोणी म्हणालं तर त्याला ‘म्हादेई’ची आठवण करून द्या. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली बोट. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे आपली सफर म्हणजे अंगणातली फेरी, पण अंगणातही माणूस पडतो.

३. बोट निवडू नका, कॅप्टन निवडा

बोट देखणी आहे का, यावर जाऊ नका. मी आधी एका चकचकीत बोटीवर जाणार होते. तिच्या मालकाने ‘खर्चाचा वाटा’ म्हणून भलीमोठी रक्कम आगाऊ मागितली आणि लाइफराफ्टची, म्हणजे बोट बुडाली तर चढायच्या फुगवत्या तराफ्याची, तपासणी कधी झाली विचारल्यावर विषय बदलला. मी दुसऱ्या दिवशी बॅग उचलली. जेवणखाण, बंदराचं भाडं, इंधन यात वाटा देणं रीतसर आहे. त्यापलीकडे पैसे मागितले तर ती धंद्याची बोट झाली, मग परवाना आणि विमा त्या हिशोबाने विचारा.

कॅप्टनला विचारायचेच असे प्रश्न:

- लाइफराफ्ट किती माणसांची, शेवटची तपासणी कधी?
- संकटाचा उपग्रह संदेश पाठवणारं ईपीआयआरबी यंत्र बोटीच्या नावावर नोंदलेलं आहे का, त्याच्या बॅटरीची मुदत कधी संपते?
- ऑटोपायलट बंद पडला तर काय? (‘हाताने सुकाणू धरू’ हे उत्तर चार माणसांत चालतं, दोघांत नाही.)
- वाटेत दारू प्यायची का? आमच्या बोटीवर बंदी होती. मला ते आवडलं.
- याआधी बरोबर आलेल्या कोणाशी बोलता येईल का?

बायकांनी तर हा शेवटचा प्रश्न सोडूच नये. आणि काहीही ठरवण्याआधी एक रात्र त्याच माणसांबरोबर बेटाच्या आसपास बोट चालवून या. दोरी अडकल्यावर ओरडणारा कॅप्टन पुढचे वीस दिवस ओरडणार हे धरून चाला.

४. कागदपत्रं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, कारण आपण जातो विमानाने आणि बाहेर पडतो बोटीने.

- पासपोर्ट, भरपूर मुदत आणि कोरी पानं असलेला.
- कॅनरी बेटं स्पेनची, म्हणून शेंगेन व्हिसा. अर्जात परतीचं तिकीट मागतात, ते आपल्याकडे नसतं. त्याऐवजी कॅप्टनचं सहीचं पत्र, बोटीच्या नोंदणीची प्रत, मार्ग आणि अंदाजे तारखा, शिवाय कॅरिबियनहून भारताचं तिकीट जोडा.
- निघताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद बंदरातल्या पोलिसांकडे करून घ्या. ती राहिली तर कागदोपत्री तुम्ही युरोपातच मुक्काम ठोकून आहात असं दिसतं आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी हे भूत मानगुटीवर बसतं.
- बार्बाडोसला पर्यटक म्हणून जाताना भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी पुन्हा तपासा आणि ‘खासगी बोटीने येतोय’ हे लिहूनच विचारा.
- कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाला जाणार असाल तर सावध. ते फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही.
- प्रवासविमा. बहुतेक विम्यांत किनाऱ्यापासून ठराविक अंतरापलीकडचं काहीच धरत नाहीत. बारीक अक्षरं वाचा.
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची यादी. शिवाय दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. समुद्राच्या मध्यावर किडलेला दात म्हणजे काय, ते पोलंडच्या पोराला विचारा.

व्यापारी जहाजासाठी लागणारं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, इथे लागत नाही. रायगड-रत्नागिरीकडचे नातेवाईक हमखास त्याबद्दल विचारतात.

५. सामान

मऊ पिशवीच घ्या, चाकांची बॅग बोटीत कुठेच मावत नाही. बरसातीची पँट आणि जॅकेट, पांढरा तळवा असलेले बूट, लाल उजेडाचा डोक्याला लावायचा टॉर्च, टोपी दोरीसकट, गॉगल दोन, सनस्क्रीन, पातळ चादर. रात्री थंडी वाजते, स्वेटर हवाच. लाइफजॅकेट आणि हार्नेस (बोटीला अडकवून घ्यायचा अंगातला पट्टा) बोटीवर असतात, पण आपल्या मापाचं आहे ना ते बंदरातच घालून बघा.

खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे कधीच पूर्ण वाळत नाहीत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून खारे कपडे वेगळे आणि झोपायचे वेगळे. खारी पँट घालून गादीवर बसलात तर ती गादी बार्बाडोसपर्यंत ओलसर राहते.

६. किराणा आणि स्वयंपाक

आधी पोटोबा, हे समुद्रावर शब्दशः खरं. माणसं खूश राहतात ती गरम जेवणावर.

लास पाल्मासला वेगेटा भागात जुनी मंडई आहे. तिथे भाजीवाल्याला सांगायचं: फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेला माल दे. एकदा थंड झालेली भाजी बाहेर काढली की चार दिवसांत सडते. कांदे, बटाटे, लाल भोपळा, कोबी, लिंबं, आलं, लसूण तीन आठवडे सहज टिकतात. कोबी कापायचा नाही, वरचं एकेक पान सोलून घ्यायचं. अंडीही फ्रिज न लागलेली घ्या आणि एक दिवसाआड खोकं उलटं करा, महिनाभर राहतात.

पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका. झुरळांची अंडी त्यातूनच येतात. सगळं धक्क्यावरच बाहेर काढून धुवून, पुसून मग आत.

केळ्यांचा घड मागच्या कठड्याला टांगलेल्या बोटींचे फोटो फार सुंदर दिसतात. आम्हीही टांगला. सत्तरेक केळी सहाव्या दिवशी सकाळी एकदम पिकली. दोन दिवस शिकरण, केळ्याचा शिरा, केळ्याचे घावन. त्यानंतर कॅप्टनची बायको केळं हा शब्द ऐकला तरी आत निघून जायची.

आपल्याकडून न्यायचं ते असं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, आमसुलं, गोडा मसाला, आलेपाक, लसणीची चटणी आणि प्रेशर कुकर. कुकर म्हणजे बोटीवरचं सगळ्यात शहाणं भांडं. झाकण बसलं की सांडत नाही, गॅस कमी लागतो आणि कलंडला तरी आमटी आतच राहते. कॅप्टनकडे कुकर होता पण शिट्टीवाला नव्हता. माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा तो इंजिनाचा अलार्म समजून खाली धावत आला.

आता माझी चूक. शेगडी झुलती असते, बोट कलली तरी ती आडवीच राहते, त्यामुळे आपण निर्धास्त होतो. दहाव्या दिवशी मी पातेल्यात वरण उकळत ठेवून अर्ध्या चड्डीत शेगडीच्या समोर उभी होते. आडवी लाट आली, शेगडी झुलली, तिच्यावरचं पातेलं मात्र पकडीतून सुटलं होतं. मांडीवर तळव्याएवढा फोड. तेव्हापासून नियम: स्वयंपाक करताना कितीही उकडलं तरी बरसातीची पँट, शेगडीच्या समोर नाही तर बाजूला उभं राहायचं, कमरेला पट्टा अडकवायचा आणि पातेलं निम्म्याच्या वर भरायचं नाही. स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरपाशीच बंद. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो बोटीच्या तळाशी साठतो आणि वास यायच्या आत ठिणगी पडू शकते.

पाण्याचा हिशोब सोपा ठेवा. माणशी रोज तीन लिटर प्यायला आणि शिजवायला. चार माणसं, पंचवीस दिवस, म्हणजे ३०० लिटर. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी एवढा साठा हवाच आणि तो एकाच टाकीत नको. टाकी नासली तर सगळंच गेलं. आम्ही पाच लिटरचे वीस कॅन वेगळे ठेवले होते. बटाटे उकडायला एक भाग खारं आणि दोन भाग गोडं पाणी चालतं, मीठ घालावं लागत नाही. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची, शेवटचा हात गोड्याचा.

७. पहिले तीन दिवस: बोट लागणे

‘मला गाडी लागत नाही’ या भरवशावर राहू नका. बोट लागणं वेगळं. गोळी निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करायची, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. कोणती ते डॉक्टरला विचारा आणि घरी एकदा घेऊन बघा, काहींना त्याने इतकी झोप येते की पहारा अशक्य.

खाली केबिनमध्ये बसून काही वाचू नका, फोन तर नकोच. बाहेर बसा, क्षितिजाकडे बघा, सुकाणू हातात घ्या. नाहीतर सरळ आडवे व्हा. कोरडी बिस्किटं, आलेपाक, घोटघोट पाणी. उलटीसाठी कठड्यावर वाकायचं नाही, बादलीत करायची. वाकलेला, अशक्त माणूस रात्री कठड्यावरून गेला तर परत सापडत नाही. लाज वाटते, पण बादली धुता येते.

बहुतेकांना तिसऱ्या दिवशी भूक लागते. मला मेतकूट-भात खावासा वाटला तेव्हा कळलं की सुटले. याच दिवसांत उलटी बाजूही होते, पोट साफ होत नाही. इसबगोल न्या.

८. पहारा

चोवीस तासांत एक क्षणही असा नको की कोणीच बाहेर बघत नाहीये. आमची रात्र अशी वाटलेली होती: ८ ते ११, ११ ते २, २ ते ५, ५ ते ८. प्रत्येकाची पाळी ठरलेली, रोज तीच. पाळी फिरवणारेही असतात, पण शरीराला रोजची वेळ सवयीची होते असं माझं मत. माझी २ ते ५.

करायचं काय? दर दहा-पंधरा मिनिटांनी उभं राहून पूर्ण गोल फिरून क्षितिज बघायचं. क्षितिजावर दिवा दिसल्यापासून मोठं जहाज अंगावर यायला वीस मिनिटं पुरतात. आसपासची जहाजं दाखवणाऱ्या एआयएस यंत्राच्या पडद्यावर जहाजाचं नाव, वेग, दिशा दिसते, पण सगळ्याच बोटी त्यावर नसतात, म्हणून डोळे. शंका आली तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर जहाजाला नावाने हाक मारा. बहुतेक वेळा उत्तर येतं. एकदा मला पलीकडून केरळी हेल असलेल्या इंग्रजीत उत्तर आलं आणि पहाटे तीन वाजता, जमिनीपासून हजार मैलांवर, आम्ही दोघं चहा या विषयावर दोन मिनिटं बोललो.

दुसरं लक्ष ठेवायचं ते मागून येणाऱ्या काळ्या ढगावर. तारे एका बाजूने पुसले जातात, वारा क्षणभर गार होतो आणि १८ नॉट्सचा ३५ होतो (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरतं. शीड कमी करावं का असा विचार मनात आला, की तीच कमी करायची वेळ. आम्ही तर रोज संध्याकाळी उजेडातच रीफ घ्यायचो, अर्धा नॉट वेग गेला तरी चालेल.

कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेत, पाऊल टाकण्याआधी, अजून जिन्यावर असतानाच हार्नेसचा हूक अडकवा. पुढे डेकवर रात्री एकट्याने जायचं नाही, कोणाला तरी उठवायचं. उठवल्याबद्दल कोणीही रागावत नाही. न उठवल्याबद्दल मात्र कॅप्टन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

शिडाच्या तळाचा आडवा दांडा, ज्याला सगळे बूम म्हणतात, तो मागून वारा असताना अचानक एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फेकला जाऊ शकतो. डोकं वाटेत आलं तर संपलं. म्हणून त्याला पुढे दोरीने बांधून ठेवतात, तिला प्रिव्हेंटर म्हणतात. एका रात्री सुकाणू माझ्या हातात, बोटीमागे पाण्यात निळसर चमचमता पट्टा, मी मान वळवून तो बघत बसले. बोट वळली, वारा शिडाच्या मागच्या बाजूला शिरला, बूम ताणला गेला आणि अख्खी बोट थरथरली. प्रिव्हेंटरने धरून ठेवलं. कॅप्टन आतल्या चड्डीवरच वर आला, दोरी बघितली, म्हणाला, “चांगली गाठ.” गाठ त्यानेच बांधली होती.

पुढच्याला उठवायची रीत: पाळीच्या पंधरा मिनिटं आधी, खांद्याला हात लावून, आणि हातात गरम चहा. उशीर करू नका. पाच मिनिटं उशिरा येणारा माणूस तिसऱ्या रात्री सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागतो.

९. झोप

गादीच्या उघड्या बाजूला कापडाचा पडदा बांधतात, त्यात पाळण्यासारखं पडून राहायचं. तरीही अंग घरंगळतं, म्हणून दोन्ही बाजूंना उशा, कपड्यांची पिशवी, जे असेल ते ठासा. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, खोली बंदरात सगळ्यात छान वाटते, समुद्रात तिथे माणूस गादीवरून हवेत उडतो. मधल्या भागात, जमिनीलगत झोपा. एकही डबा खडखडता ठेवू नका, एका सैल चमच्याने मी दोन तास जागी होते. दिवसा झोपायची लाज बाळगू नका.

१०. संडास, अंघोळ

पुरुषांनीसुद्धा बसूनच. यावर चर्चा नाही. हातपंप वीस वेळा मारायचा, झडप बंद करायची, कागद आत टाकायचा नाही. तुंबलं तर ज्याने तुंबवलं त्यानेच साफ करायचं, हा सर्व बोटींवरचा कायदा.

अंघोळ मागच्या बाजूला, हार्नेस लावून, बादलीने. साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसाळत नाही, भांडी घासायचा पातळ साबण फेसाळतो. शेवटी लिटरभर गोडं पाणी. बादली पाण्यात टाकताना दोरी मनगटाला गुंडाळू नका. बोट सहा नॉट्सनी जात असताना भरलेली बादली खांदा उखडू शकते.

११. रोजची फेरी आणि माणसं

सकाळी डेकवरून एक फेरी. रात्री येऊन पडलेले उडते मासे गोळा करा (ताजे असले तर तळा, आमच्याकडे रवा लावून), आणि मग प्रत्येक दोरी, प्रत्येक खिळा बघा. तीन आठवडे एकाच जागी घासून बोटभर जाड दोरीही तुटते. घासणाऱ्या जागेवर जुन्या पाइपचा तुकडा किंवा चामडं बांधा, दोरी रोज वीतभर सरकवा.

भांडणं होतात ती क्षुल्लक कारणांवरून. आमचं मोठं भांडण चीजच्या शेवटच्या तुकड्यावरून झालं. रोज एक जेवण सगळ्यांनी एकत्र घ्या आणि रोज तासभर कोणाशीही न बोलता नाळेवर बसायची मुभा ठेवा. घरी सांगून ठेवा की संदेश आला नाही म्हणजे उपकरण बंद पडलंय, बोट नाही. आमचं उपग्रह यंत्र मधले दोन दिवस रुसलं होतं. आईने तेवढ्यात सिद्धिविनायकाला नवस बोलून टाकला, तो फेडायला मला नेलं.

१२. पोहोचल्यावर

जमीन जवळ आली की ओल्या मातीचा वास येतो. बंदरात शिरताना पिवळा झेंडा चढवायचा. कागद पूर्ण होईपर्यंत कॅप्टनशिवाय कोणीही उतरायचं नाही, धक्क्यावर मित्र हात हलवत असले तरी. उरलेली ताजी फळं-भाज्या उघडपणे दाखवा.

तुम्ही तिथे बोटीचे खलाशी म्हणून नोंदले जाता, पर्यटक म्हणून नाही. त्या यादीतून नाव कमी करून घ्यायला परतीचं विमानाचं तिकीट लागतं, आणि ते कॅप्टन बरोबर असतानाच करून घ्या, कारण तोवर तुमची जबाबदारी त्याच्यावर असते. तिकिटाची छापील प्रत ठेवा. माझा फोन खाऱ्या पाण्याने गेला होता, प्रत होती म्हणून निभावलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद बघितले, शिक्का मारला, मग माझ्याकडे बघून बसायला खुर्ची दिली. मी दोन्ही हातांनी काउंटर घट्ट धरून, पाय फाकवून उभी होते.